पाचवी झोळी

पाझर तलावाच्या कामावर दोनशे माणसं होती, पण मुकादम भुजंग दचकायचा तो एकाच आवाजाला. सरजाबाईच्या. वय साठीच्या अलीकडचं, अंगावर मांस कमी आणि जिभेला धार जास्त. शाळा दुसरीपर्यंत. "मास्तरनं छडी उगारली, मी ती हिसकून मोडली, झाली माझी शाळा," असं ती स्वतःच ऐटीत सांगायची. पण खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली नुसत्या नजरेनं अशी सांगायची की कारकुनानं फीत गुंडाळून खिशात घालावी. म्हणून मापाच्या दिवशी टोळीतल्या दहाही बायका मागं उभ्या राहायच्या आणि सरजाबाई एकटी पुढं.

ते वर्ष कोरडं गेलेलं. ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, गावात साखर वाटली, आणि त्यानंतर आभाळानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरी तळाला गेल्या. ज्वारी कणसात यायच्या आधीच करपली. शेत असणारे आणि नसणारे एकाच बांधावर घमेली उचलायला आले. बांध अहमदपूर तालुक्यातला; पलीकडच्या माळापासून कंधार तालुका लागायचा, म्हणजे नांदेड जिल्हा. मस्टरचे, म्हणजे हजेरीपटाचे, कागद मात्र अजून जुनेच. छापलेल्या उस्मानाबादवर काट मारून कारकून महादेवप्पा रोज प्रत्येक पानावर शाईनं लातूर लिहायचा. निलंग्याकडचा, कानडी मुलखाच्या सीमेवरचा माणूस. अक्षर सुबक, चप्पल तुटकी, आणि नव्या जिल्ह्याच्या साहेबांची भीती पोटात कायमची.

सरजाबाईचा लेक व्यंकटी नांदेडला हमालीला गेलेला. घरी सून तारामती आणि नऊ महिन्यांचा नातू. तारामतीची आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती. हा तिसरा झाला तसा सरजाबाईनं त्याला उकिरड्यावर ठेवला, केर म्हणून परत उचलला आणि नाव ठेवलं केरबा, म्हणजे देवाचं त्याच्यावर मन जाऊ नये. तेव्हापासून केरबा उंबऱ्याबाहेर गेला नव्हता, आणि त्याच्यापायी तारामतीही. दिवस उगवायच्या आत दीड कोस चालत कामावर जायचं आणि दिवस मावळताना परतायचं ते एकट्या सरजाबाईनंच.

कामावर एक तांबडी कुत्री भाकरीच्या तुकड्यासाठी हिंडायची. ती व्याली कुठं, तर सरजाबाईच्या टोळीच्याच जुन्या खड्ड्यात. मातीकामाच्या खड्ड्यात मधोमध एक खांबासारखा उंचवटा न खणता ठेवतात. किती खोल गेलो त्याची ती साक्ष. त्या साक्षीच्या सावलीला कुत्रीनं चार पिल्लं घातली. सरजाबाई तिकडं फिरकली नाही. कुत्र्याच्या जातीचाच तिला तिटकारा. अंगणात कुत्रं शिरलं तर ती काठी घ्यायची, आणि उंबऱ्याला शिवलं तर उंबरा धुवायची. टंचाईच्या दिवसांतसुद्धा. तांब्याभर पाण्यानं.

चौथ्या दिवशी कंधारच्या रस्त्यावर खडीच्या ट्रकखाली ती कुत्री गेली. पाचव्या दिवशी सकाळी सरजाबाई विसरलेलं टोपलं आणायला त्या खड्ड्यात उतरली. तीन पिल्लं निपचित पडलेली, त्यांच्यावर मुंग्यांची रांग. चौथं हलत होतं. डोळे मिटलेले, नाक वर केलेलं, आणि डोकं इकडून तिकडं नेत ते हवेत काहीतरी चाचपत होतं, जे तिथं नव्हतं.

"मर तिकडं," सरजाबाई म्हणाली, पण हात खाली गेला. नुसतं सावलीत सारावं एवढ्यापुरता. पिल्लानं तिच्या करंगळीचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

चाळीस वर्षं माती उपसलेलं ते बोट. इंगळ धरला तरी चटका कळू नये असं. त्या बोटाला ती ओढ कळली. मुठीत मावेल एवढा जीव, काल दुपारपासून उपाशी, आणि ओढ अशी की भरल्या मोटेला बैल लागावेत. सरजाबाई खड्ड्यात तशीच उकिडवी बसून राहिली. एवढा जोर ह्याच्यात ठेवला कुणी? आणि जोर ठेवला तर सोबत दूध ठेवायला कसा विसरला?

बांधाच्या टोकाला चिंचेचं झाड होतं. कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही लेकरं तिथं झोळ्यांत झोपायची आणि कोंडाबाई त्यांना सांभाळायची. कोंडाबाई बौद्धवाड्यातली. सरजाबाईच्याच वयाची, एका पायानं अधू, म्हणून खणायचं काम तिला होत नव्हतं. झोळ्यांतली लेकरं बौद्धवाड्यातली आणि तांड्यावरची. सरजाबाईच्या आळीतली एकही बाई आपलं लेकरू तिथं आणत नव्हती. घरी आजीजवळ ठेवायच्या, आजी नसली तर खाटेच्या पायाला बांधून यायच्या, पण कोंडाबाईच्या मांडीवर द्यायच्या नाहीत. कारण कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, कोंडाबाईलाही.

चिंचेखाली तिची शेळी बांधलेली असायची.

"कोंडे, शेळीला दूध हाय का गं?" सरजाबाईनं दोन हात लांबूनच विचारलं.

"हाय की. तुला पायजे?"

"मला कशाला? ह्याला." सरजाबाईनं पदर बाजूला केला.

कोंडाबाईनं पिल्लू बघितलं, मग सरजाबाईला बघितलं. "हां. मग चालतंय. मला वाटलं दुष्काळानं तू बी सुधारलीस."

सरजाबाईच्या ओठावर उत्तर होतं, पण करंगळी अजून पिल्लाच्या तोंडात होती. अशा वेळी भांडता येत नाही.

कोंडाबाईनं कापसाची वात केली, दुधात बुडवली, पिल्लाच्या ओठाच्या फटीत सरकवली. नाकातून दूध आलं, शिंक आली, मग घोट गेला. तो घोट गळ्यातून खाली उतरताना बाहेरून दिसला. मग कोंडाबाईनं ओलं फडकं घेऊन त्याचं पोट खालच्या बाजूला हळूहळू पुसलं.

"हे काय करायलीस?"

"कुत्री चाटती न्हवं पिल्लाला? चाटल्याबिगर ह्याला मुततासुदिक येत न्हाई अजून. मायच्या जिभेचं काम हाय हे."

सात लेकरं काढलेल्या सरजाबाईला हे ठाऊक नव्हतं. मुतायलासुद्धा माय लागते! ती बघत राहिली. भुजंगाची शिट्टी दोनदा वाजली तेव्हा कुठं उठली.

खाली ठेवलं तर मुंग्या. पोत्यावर ठेवलं तरी मुंग्या. दुपारच्या सुट्टीत सरजाबाईनं भाकरी बांधून आणलेलं जुन्या लुगड्याचं फडकं सोडलं, चिंचेच्या खालच्या फांदीला त्याची वीतभर झोळी बांधली आणि पिल्लू आत सोडलं. एवढंच तिच्या मनात होतं. डोक्यात दुसरं काही नव्हतं, हे कुणाच्याही शपथेवर सांगता येईल.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट झाली होती. पाचव्या झोळीतलं लेकरू घेऊन त्याची माय सिंधु भोकरला माहेरी निघून गेली होती. आणि महादेवप्पानं सोमवारीच सांगून ठेवलं होतं की कामावर पाच लेकरं असली तरच सांभाळणाऱ्या बाईचं नाव मस्टरवर धरता येतं. शनिवारपर्यंत पाचवं आलं नाही तर कोंडाबाईचं नाव कापावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवप्पा वही घेऊन आला आणि नेहमीच्या जागी, चिंचेपासून वीस पावलांवर थांबला. परक्या पुरुषानं झोळीत डोकावायचं नाही. लेकराला दृष्ट लागते, आणि शेजारी कुणी बाई पाजत बसलेली असते. एवढी रीत निलंग्याकडच्या माणसालाही कळते. तो लांबूनच झोळ्या मोजायचा.

"एक, दोन, तीन, चार..." लेखणी थांबली. "पाच. आलं का पाचवं? बरं झालं." आणि लिहून मोकळा झाला.

कोंडाबाईनं सरजाबाईकडं बघितलं. सरजाबाईनं चिंचेच्या शेंड्याकडं बघितलं.

पिल्लाला दोन-दोन तासांनी दूध लागायचं. सरजाबाईला सुट्टी दुपारी एकदा, पाणी प्यायला दोनदा. मधल्या वेळचं सगळं कोंडाबाईच करायची. संध्याकाळी सरजाबाई पिल्लू ओटीत घालून, कोंडाबाईनं दिलेलं दूध शिशीत घेऊन दीड कोस चालत घरी न्यायची आणि दिवस उगवायच्या आत परत आणायची. डोक्यावर टोपलं, एका हातात खोरं, ओटीत कुत्रं. बायकांना आयतंच सापडलं.

"सरजाबाई, ओटी भरली म्हणं या वयात!"

"भरली की. तुझ्यावानी पोकळ ओटी घेऊन हिंडत न्हाई मी."

भुजंगही एकदा धीर करून म्हणाला, "डोळे झाकलेले, पोटाला न्हाई, नि कालवा केवढा! हा तर नवा जिल्हाच की." त्या दिवसापासून पिल्लाचं नाव पडलं जिल्ह्या. पण कारकुनाला झोळीतलं सांगायचं नाही, हे सरजाबाईनं भुजंगाला नुसत्या नजरेनं सांगितलं, आणि त्यानं तोंड मिटलं.

बायका माती टाकता टाकता एकमेकींना विचारायच्या, "जिल्ह्यानं आज खाल्लं का?" "जिल्ह्याचे डोळे कधी उघडायचे बाई?" महादेवप्पा जाता जाता ऐकायचा आणि कावराबावरा व्हायचा. शेवटी एकदा थांबून म्हणाला, "बाई, असं बोलू नये. साहेब लोक आत्ताच आलेत. वेळ लागतो." बायकांनी तोंडात पदर कोंबले.

डोळे कधी उघडायचे, हाच प्रश्न सरजाबाईच्या डोक्यात दिवसभर फिरत होता. कोंडाबाई म्हणाली होती, आठ-नऊ दिवस लागतील, जगलं तर. आधी एक उघडेल, मग दुसरा.

सरजाबाईची सात लेकरं झाली आणि सातही तिच्या माघारी वाढली. पहिलं हसू नणंदेनं बघितलं. व्यंकटीचं पहिलं पाऊल बघितलं ते शेजारणीनं. सर्वांत धाकट्याला तर सहासष्टच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बाभळीला टांगलेलं. तो एका दुपारी झोळीतून उतरून चालत गेला आणि तिला ते संध्याकाळी कळलं. तेव्हा वाईट वाटायला सवड नव्हती. पण आता ह्या फाटक्या झोळीतल्या गोळ्याकडं बघताना तिला वाटायचं, एकदा तरी, कुणाचं का असेना, उघडताना बघावं.

जगेल की नाही हे मात्र ठरत नव्हतं. वातीनं दूध पुरत नव्हतं. झोळीत आल्यापासून चौथ्या दिवशी ते दिवसभर कण्हत राहिलं. माणसाच्या लेकरापेक्षा बारीक, कानात सुई घातल्यासारखा आवाज. महादेवप्पा वीस पावलांवर थांबला.

"ते पाचवं लेकरू असं का रडतंय, बाई? आजारी आहे का?"

सरजाबाई पाणी प्यायला आली होती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कुणाला भ्यायचीच नाही तर खोटं बोलायचं कशाला? ती म्हणाली, "मायविना हाय. रडायचं न्हाई तर भजन म्हणायचं का त्यानं?"

"अय्यो. माय कुठं गेली?"

"टरकाखाली."

"कधी? आपल्याकडं तर कागद आला नाही."

"कंधारच्या हद्दीत."

"तरीच." महादेवप्पानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "आणि घरचं कुणी?"

"कुणी न्हाई. भाकरीच्या तुकड्यावर दिवस काढले तिनं."

अक्षर न् अक्षर खरं. तरी तो मान खाली घालून गेला तेव्हा सरजाबाई पाणी न पिताच खड्ड्याकडं वळली.

दुसऱ्या दिवशी तो आला तो खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. वीस पावलांवर थांबून त्यानं ते दगडावर ठेवलं. अहमदपूरच्या बाजारातून आणलेली दुधाची लहान बाटली, रबरी बोंडाची. "त्या पोरक्याला," एवढंच म्हणाला आणि घाईनं झोळ्या मोजून निघून गेला.

ह्या माणसाशी सरजाबाई दर मापाला भांडली होती. त्याच्या फितीला फाटकी म्हणाली होती, त्याच्या अकलेला तर काय काय म्हणाली होती. तिनं बाटली उचलली. बोंड पिल्लाच्या तोंडात कसं जाणार असं वाटलं, पण कोंडाबाईनं सुईनं त्याचं भोक बेतलं आणि पिल्लू असं लागलं की चारही पाय हवेत पोहायला लागले. दोन दिवसांत त्याचं पोट टम्म झालं. सरजाबाई त्याला तळहातावर घेऊन कानाजवळ धरायची. आत काळीज टकटक चालायचं, इतकं भराभर, की हे एवढ्या घाईनं कुठं निघालंय असं वाटावं. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक, पण कोंडाबाईचा हात झोळीच्या कडेला लागला की डोकं बरोबर तिकडं वळायचं. सरजाबाईचा हात लागला तर वळायचंच असं नाही. तिला ते बोचायचं आणि थक्कही करायचं. ह्याला डोळे नाहीत, तरी ह्यानं माणूस ओळखलं.

पिल्लाच्या जन्माच्या बाराव्या दिवशी सकाळी महादेवप्पानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्या लातूरहून बाईसाहेब येणार आहेत. लेकरांची सोय बघणार. झोळी न् झोळी."

तो गेल्यावर दोघी म्हाताऱ्या चिंचेखाली बसल्या.

"उद्या ह्याला घरी ठेवते मी," सरजाबाई म्हणाली.

"मग चार दिसतील. वहीत पाच. त्या गरिबाची नोकरी जाईल, माझी बी. नि हे घरी दिवसभर उपाशी मरंल ते येगळंच."

"मग काय करायचं?"

"एक विलाज हाय. पण तुझ्या तोंडून यायचा न्हाई."

"कोणता?"

"तुझ्या घरी नऊ महिन्यांचं लेकरू हाय."

सरजाबाई ताठ झाली. "केरबा घराबाहीर जात न्हाई."

"घराबाहीर जात न्हाई, का माझ्या मांडीवर येत न्हाई?" कोंडाबाईचा आवाज चढला नव्हता. ती पिल्लाचं तोंड पुसत होती. "कुत्र्याला माझा हात चालतोय, सरजे. माझ्या शेळीचं दूध चालतंय. मी इचारायले आपलं. राग नको मानू."

सरजाबाईनं पदर खोचला. ती उठली, खोरं घेतलं आणि खड्ड्याकडं चालायला लागली.

त्याच दुपारी माप होतं. महादेवप्पा फीत घेऊन खड्ड्यात उतरला आणि मधल्या साक्षीकडं बघून मान हलवायला लागला. साक्षीच्या डोक्यावर मागून माती थापली की खड्डा खोल दिसतो. ही चलाखी कामाकामावर चालायची.

"वरची ढेकळं सैल आहेत, बाई. वीतभर कमी धरावं लागेल."

सकाळपासून कोंडून ठेवलेलं सगळं सरजाबाईच्या तोंडी आलं. "सैल? या इकडं. हे बगा. हे कुसळ दिसतंय? ह्याचं मूळ बगा कुठवर गेलंय. माती मी कालच्याला थापली असती तर हे कुसळ काय रातोरात उगवलं? ह्या दुष्काळात? तुमच्या साहेबाला सांगा, सरजाबाईच्या खड्ड्यात आपोआप गवत येतंय, तलाव कशाला बांधता, तिलाच..."

"सरजेऽऽ!" चिंचेकडून हाक आली. "ये गं! उघडायलाय!"

सरजाबाईचं वाक्य तिथंच तुटलं. दहा बायकांच्या डोळ्यांदेखत ती मापाच्या मधून वळली, खड्ड्याची कड हातापायांनी चढली आणि धावत सुटली. लुगड्याचा सोगा मातीत लोळत होता. सरजाबाईला धावताना त्या कामावर कुणी बघितलं नव्हतं.

कोंडाबाईनं झोळीचं तोंड उन्हाकडून फिरवून धरलं होतं. सरजाबाई गुडघ्यांवर बसली. पिल्लाच्या डाव्या डोळ्याच्या जागी काळ्या कातडीला एक रेघ पडली होती, केसाएवढी. रेघ थरथरत होती. मग आतल्या कोपऱ्यात ती जराशी फाकली आणि आत काहीतरी चमकलं. निळसर, राखी, आणि ओलं. अख्ख्या शिवारात जे कुठं उरलं नव्हतं ते तिथं होतं. पाणी. थेंबाएवढं, आणि त्या थेंबात चिंचेची फांदी उलटी लटकलेली, तिच्यामागं एवढंसं आभाळ.

आतापर्यंत ह्या जिवाला हे झाड नव्हतं. आभाळ नव्हतं, ऊन नव्हतं. आत्ता, तिच्यासमोर, ते सगळं ह्याच्यासाठी पहिल्यांदा झालं. कुणी केलं, कसं केलं, कोणत्या मस्टरवर लिहिलं? तिला एवढंच वाटलं की आपण जोरात श्वास घेतला तर हे परत मिटेल.

किती वेळ गेला कळलं नाही. भानावर आली तेव्हा वीस पावलांवर महादेवप्पा उभा होता. हातात फीत, तोंडावर काळजी.

"बाई, काय झालं? त्या पोरक्याला काही..."

सरजाबाईनं कोंडाबाईकडं बघितलं. कोंडाबाईनं झोळीवरचा हात काढून घेतला.

"या," सरजाबाई म्हणाली. "जवळ या, महादेवप्पा. झोळीत बगा."

"मी? झोळीत? नको बाई, तसं..."

"मी सांगते न्हवं? बाटली तुमी दिली. तुमी बगायचंच."

तो आला. एक एक पाऊल टाकत, काट्यांतून चालल्यासारखा. वाकला. आणि त्याच्या तोंडाचा रंग गेला.

"हे... हेच पाचवं?"

"हेच. मी तुमाला खोटं सांगितलं न्हाई. पण खरं बी सांगितलं न्हाई. चूक माजी, कोंडाची न्हवं."

"बाई! सरकारी वहीत मी ह्याला..." त्याचा आवाज चढला, आणि पिल्लानं आवाजाकडं डोकं वळवलं. तो ओला कण महादेवप्पावर येऊन थांबला. महादेवप्पा हळूहळू खाली बसला, वही मांडीवर, फीत धुळीत.

"अय्यो," तो कुजबुजला. "मला बघतंय."

"आजून नीट दिसत न्हाई त्याला," कोंडाबाई म्हणाली. "उजेड कळतोय नुसता." आणि तिनं आपला तळहात पिल्लाच्या डोळ्यावर आडवा धरला, न टेकवता, सावलीपुरता. "एकदम ऊन नको."

तो हात सरजाबाई बघत होती. बोटं वाकडी झालेली, नखांत माती, आणि धरला होता असा की वाऱ्यालासुद्धा धक्का लागू नये.

महादेवप्पा उठला. "न बघता मोजलं, ही माझी चूक. आजवरचं मी निस्तरतो. पण उद्या बाईसाहेबांसमोर मी चारला पाच म्हणणार नाही. चार असले तर कोंडाबाईचं नाव जाईल. माझ्या हातात नाही, बाई." फीत गुंडाळत तो गेला. माप त्यानं कोणतं लिहिलं, ते त्या दिवशी सरजाबाईनं विचारलंच नाही.

घरी गेल्यावर तिनं ओटीतलं पिल्लू उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि चुलीपुढच्या तारामतीला म्हणाली, "उद्या केरबाला घे संगं. नि तू बी घमेलं घे."

तारामतीच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. "केरबाला ठिवायचं कुणापाशी, आत्याबाई?"

"कोंडापाशी."

"पर तुमीच म्हनला होता..."

"मी लई काय काय म्हनते. समदं ऐकायचं आस्तं व्हय?"

सकाळी आळीतून निघताना शेजारची नागुबाई दारात उभी होती. "काय गं सरजे, नातू बाटवायला निघालीस?"

"नागे, तुझी सून लेकराला खाटेला बांधून कामाला येती, गाठीचा वळ पडलाय त्याच्या पायाला. आदी ती गाठ सोड, मंग माझं धर." सरजाबाई थांबली नाही. केरबाला तिनं स्वतः उचललं होतं, पिल्लाचं टोपलं तारामतीच्या डोक्यावर. रस्ताभर केरबाच्या पाठीवरचा हात तिनं एकदाही काढला नाही, हे मागून चालणाऱ्या तारामतीनं बघितलं.

चिंचेखाली कोंडाबाई उभी होती. तिनं केरबाकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं. "हात धुऊ का आदी?" तिनं विचारलं. त्यात टोमणा होता आणि दुसरंही काही होतं.

"धू की," सरजाबाई म्हणाली. "कुत्र्याला लावलायस तो."

कोंडाबाई अशी हसली की शेळी दचकली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पुढं केले. सरजाबाईनं नातू दिला. एवढंसं अंतर, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचं, पण ते पार करायला तिला खड्ड्याची कड चढण्यापेक्षा जास्त बळ लागलं.

दहा वाजता लातूरच्या बाईसाहेब आल्या. त्यांनी झोळी न् झोळी उघडून बघितली. महादेवप्पानं मोजलं, या वेळी जवळ जाऊन, प्रत्येक तोंड बघून. पाच. राखेच्या रिंगणात ठेवलेल्या टोपल्यात झोपलेल्या जिल्ह्याविषयी बाईसाहेबांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

सरजाबाई खड्ड्यात खोरं चालवत होती, कान मात्र चिंचेकडं. रडणं येईल, आत्ता येईल. आलं नाही. पाणी प्यायच्या सुट्टीत ती चढून वर आली तर केरबा कोंडाबाईच्या मांडीवर झोपलेला, मूठ तिच्या पदरात अडकलेली. खाली टोपल्यात पिल्लू जागं होतं. दुसरा डोळाही फाकला होता. ते मान डुलवत वर बघत होतं, केरबाच्या लोंबणाऱ्या पायाकडं. पाय जरा हलला की दोन्ही डोळे त्याच्यामागं हलायचे.

सरजाबाई खाली बसली. पिल्लाला काय दिसतंय ते दिसावं म्हणून तिनं डोकं टोपल्याच्या कडेशी नेलं आणि तिथून वर बघितलं. एक इवलासा तळवा, त्याच्यामागं चिंचेचा पाला, पाल्याच्या फटींतून सांडणारा उजेड. तिकडं भुजंगानं शिट्टी वाजवली. मग परत वाजवली. मग सरजाबाईच्या नावानं हाक मारली. ती बघत राहिली.